ड्रॅगन जमिनीवर उतरतो तेव्हा

ॲनिमेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. हल्लीच्या चित्रपट-मालिकांतल्या बहुतेक ड्रॅगनना चारऐवजी दोनच पाय का असतात? काही ड्रॅगन अगदी खरे वाटतात आणि काही वरून चिकटवल्यासारखे दिसतात, ते कशामुळे? आणि स्वतः एखादा ड्रॅगन करायचा झाला तर सुरुवात कुठून करावी?

मी गेली एकवीस वर्षं पडद्यावरच्या प्राण्यांचं ॲनिमेशन करतो. घोडे, लांडगे, गिधाडं केली, तसे ड्रॅगनही केले. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात. ड्रॅगन खरा वाटतो तो त्याच्या वजनामुळे आणि नजरेमुळे. खवले, शिंगं, आग हे सगळं त्यानंतर. वजन आणि नजर जमली नसेल तर कितीही बारीक खवले काढा, प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही.

वजन कुठे दिसतं? उडताना दिसतं, पण सगळ्यांत जास्त दिसतं ते उतरताना. एखादं गिधाड किंवा हंस उतरतानाचं चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. जमीन जवळ आली की पक्षी छाती वर करतो, पंख वाटीसारखे करून हवा अडवतो, पाय पुढे काढतो. पाय टेकल्यावरही शरीर थांबत नाही. गुडघे दबतात, पोट खाली जातं, मग मान, मग डोकं, आणि शेपटी सगळ्यांत शेवटी. पंखांत अजून हवा भरलेली असते, ती सुटायला आणखी क्षणभर जातो. नवख्या ॲनिमेटरच्या शॉटमध्ये हे सारे अवयव एकाच फ्रेमला थांबतात आणि तिथेच ड्रॅगन पुठ्ठ्याचा होतो. माझ्या हाताखाली आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली दुरुस्ती हीच असते: शेपटी उशिरा थांबव.

उडण्याचंही तसंच आहे. पंख खाली येतात तेव्हा धड वर उचललं जातं, पंख वर जाताना धड किंचित खचतं. धड एका रेषेत गोठवून नुसते पंख हलवले तर ते खेळण्यासारखं दिसतं. फडक्याचा वेग आकारावर ठरतो. चिमणीचे पंख डोळ्याला दिसतही नाहीत, गिधाड मोजके फडके मारून तरंगत राहतं. अजस्र ड्रॅगनच्या एका पूर्ण फडक्याला मी दोन सेकंदांच्या आसपास वेळ देतो, म्हणजे साधारण ५० फ्रेम. दिग्दर्शकाला ते संथ वाटतं, लढाईच्या दृश्यात तर फारच. पण वेग वाढवला की त्याच क्षणी ड्रॅगन वटवाघळाएवढा दिसू लागतो. हा वाद मी अनेकदा घातला आहे, आणि जिथे माघार घेतली ते शॉट आजही मला टोचतात.

यामागचं गणित सोपं आहे. प्राण्याची लांबी दुप्पट केली, आकार तोच ठेवला, तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणूनच उडणाऱ्या प्राण्यांच्या आकाराला मर्यादा आहे. आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲटलस हा टेरोसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी. त्याच्या पंखांचा पसारा साधारण १० ते ११ मीटर, आणि जमिनीवर उभा राहिला तर जिराफाच्या उंचीला पोचणारा. पडद्यावरचे ड्रॅगन याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. म्हणजे त्यांचं उडणं मुळात अशक्यच आहे. ते शक्य करून दाखवण्याच्या फंदात पडू नये, त्याला पडणारे कष्ट दाखवावेत. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या २०२२ पासूनच्या मालिकेत व्हेगार नावाची म्हातारी, अवाढव्य ड्रॅगन आहे. तिच्या गळ्याखालची कातडी लोंबते, पंखांना भोकं पडलेली आहेत. ती हलते तेव्हा एखादा डोंगर जागचा उठतोय असं वाटतं. त्याच मालिकेतला केराक्सिस सापासारख्या लांब मानेचा आणि चपळ. पहिल्या सीझनच्या शेवटी वादळात व्हेगार आणि ॲरॅक्स हा छोटा ड्रॅगन समोरासमोर येतात. ॲरॅक्सची प्रत्येक हालचाल घाईची आणि तुटक, व्हेगारची एकसंध. ढगांतून तिचा आकार वर येतो तेव्हा ओरडण्याचीही गरज उरत नाही. वेगातल्या त्या फरकावरच सगळी भीती उभी आहे.

आता पायांकडे येतो.

सांकेतिक भेद असा की चार पाय आणि शिवाय दोन पंख असले तर ड्रॅगन, दोन पाय आणि दोन पंख असले तर वायव्हर्न. हा भेद ब्रिटिश कुलचिन्हांच्या परंपरेत पक्का झाला. मध्ययुगीन चित्रकार तो इतक्या काटेकोरपणे पाळत नव्हते. पडद्यावर दोन पायांचा ड्रॅगन ठसला तो १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मधल्या व्हर्मिथ्रॅक्समुळे. तो पंखांच्या मनगटांवर भार टाकून गुहेत सरपटत चालतो, एखादं वटवाघूळ जमिनीवर चालतं तसा. हे काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकचं. त्यात फिल टिपेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गो-मोशन हे तंत्र वापरलं. जुन्या स्टॉप-मोशनमध्ये बाहुली हलवायची, हात बाजूला घ्यायचा आणि मग फ्रेम टिपायची. फ्रेम टिपताना बाहुली स्थिर असल्याने प्रत्येक चित्र कोरीव स्वच्छ येतं आणि हालचाल धक्क्याधक्क्यांची दिसते. गो-मोशनमध्ये बाहुलीला जोडलेल्या दांड्या संगणकाने चालणाऱ्या मोटरींवर बसवल्या होत्या. शटर उघडं असतानाच बाहुली किंचित सरकायची आणि फ्रेमवर खऱ्या हालचालीचा पुसटपणा उतरायचा. एवढ्याशा पुसटपणाने केवढा फरक पडतो! मी आजही नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हा चित्रपट बघायला लावतो.

त्यानंतर लगेच सगळे ड्रॅगन दोन पायांचे झाले असं मात्र झालं नाही. १९९६ च्या ‘ड्रॅगनहार्ट’मधला ड्रेको चार पायांचा होता. २००२ च्या ‘रेन ऑफ फायर’मधले दोन पायांचे, २००५ च्या हॅरी पॉटर चित्रपटातला हंगेरियन हॉर्नटेलही तसाच. सर्वांत बोलकं उदाहरण टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ कादंबरीतल्या स्मॉग या ड्रॅगनचं. टोल्किन यांनी स्वतः काढलेल्या चित्रात स्मॉगला चार पाय आणि दोन पंख आहेत. २०१२ च्या पहिल्या हॉबिट चित्रपटात त्याची जी ओझरती झलक दिसली तिच्यातही पुढचा पाय होता. २०१३ मध्ये दुसरा चित्रपट आला तोवर पुढचे पाय जाऊन पंखांनाच हातांचं काम मिळालं होतं. पहिल्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत ती झलकही मग बदलून घेतली गेली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतले ड्रॅगन दोन पायांचे आहेत, आणि मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनीही ड्रॅगनला दोनच पाय असावेत हे आग्रहाने मांडलं आहे.

कारण शरीररचनेत आहे. पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला हात, पाय, पंख मिळून सहा अवयव नाहीत. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हात, वटवाघळाचाही हातच, त्याची बोटं लांबून त्यांच्यात पडदा ताणलेला. चार पायांवर पंख बसवायचे म्हटलं की खांद्याची हाडं दोन जोड्यांत मांडावी लागतात आणि छातीचे स्नायूही. रिग, म्हणजे मॉडेलच्या आतला हलवता येणारा सांगाडा, करणाऱ्याला विचारा: पंख उचलला की पुढच्या पायाच्या खांद्याची कातडी कुठे जायची? ती एकमेकींत घुसते, सुरकुतते, आणि ते लपवण्यात आठवडे जातात. दोन पायांत हा गुंता सुटतो. शिवाय पंखाच्या टोकाला नखं असली की तो खांब पकडू शकतो, माणसावर झुकू शकतो, हातवारे करू शकतो. खजिन्याच्या दालनात स्मॉग जे फिरतो त्यातला अर्धा अभिनय त्या पंखांचा आहे.

पण म्हणून दोन पायच बरोबर असा नियम करू नका. २०१० च्या ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’मधल्या टूथलेसला चार पाय आहेत, वर दोन पंख आहेत, आणि त्याबद्दल तक्रार करणारा मला अजून कुणी भेटलेला नाही. तो काळ्या मांजरासारखा दबा धरतो, कुत्र्यासारखा मान कलती करतो, दबकत दबकत जवळ येतो. आपल्या ओळखीच्या प्राण्यांच्या सवयी त्याच्यात इतक्या नेमक्या उतरल्या आहेत की अवयव मोजायचं सुचतच नाही. शरीरशास्त्र तुमच्या मदतीला येतं, पण सवयी त्याहून जास्त मदत करतात.

नजरेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. ड्रॅगन हा शब्द ज्या ग्रीक ‘ड्राकोन’वरून आला त्याचा संबंध ‘स्पष्ट पाहणं’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. म्हणजे रोखून पाहणारा तो ड्रॅगन. मला ही व्युत्पत्ती फार आवडते, कारण पडद्यावरचा त्याचा सगळा दरारा तिच्यात आहे. निसर्गात डोळ्यांच्या उभ्या फटीसारख्या बाहुल्या बहुतेक जमिनीलगत दबा धरणाऱ्या शिकाऱ्यांना असतात: मांजर, मगर, काही साप. टूथलेसच्या ॲनिमेटरांनी हे फार हुशारीने वापरलं. तो धोक्यात असला की बाहुली बारीक फट होते, विश्वास बसला की गोल आणि मोठी. संवाद एकही नाही, तरी त्याचं मन क्षणाक्षणाला वाचता येतं.

ड्रॅगन बोलतो की नाही, यावर चेहऱ्याचं सगळं काम ठरतं. ड्रेको बोलणारा होता, आवाज शॉन कॉनरी यांचा. ॲनिमेटरांनी कॉनरींच्या जुन्या चित्रपटांतले तुकडे जमवले आणि भुवई कशी वर जाते, ओठाचा कोपरा कसा मुडपतो ते अभ्यासून त्या लकबी ड्रेकोच्या चेहऱ्यावर आणल्या. मगरीएवढ्या लांब जबड्याने माणसाचे शब्द उच्चारायचे म्हणजे केवढी कसरत. ओठ फार हलवले तर ते व्यंगचित्र होतं, कमी हलवले तर आवाज वेगळीकडून येतोय असं वाटतं. स्मॉगसाठी बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी आवाज तर दिलाच, शिवाय मोशन कॅप्चरचा, म्हणजे नटाच्या हालचाली संगणकात टिपणारा, पोशाख घालून जमिनीवर सरपटत ती भूमिका केली. माणसाची हाडं ड्रॅगनला जशीच्या तशी बसत नाहीत, त्यामुळे त्या हालचाली ॲनिमेटरांना दिशादर्शक म्हणून उपयोगी पडल्या आणि प्रत्यक्ष ड्रॅगन त्यांना हातानेच घडवावा लागला. पण मान हळूच वळवून बोलता बोलता थबकणं, हे नटाकडून आलेलं ओळखू येतं.

न बोलणाऱ्या ड्रॅगनचं काम अधिक कठीण आहे आणि मला तेच अधिक भावतं. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली तेव्हा कथेवर पुष्कळ वाद झाले, पण शेवटच्या भागातला एक प्रसंग मी वर्गात नेहमी दाखवतो. ड्रॅगन पाळणारी राणी डेनेरिस मरून पडली आहे. तिचा ड्रॅगन ड्रोगोन येतो आणि तिला नाकाने हलकेच ढकलतो. पुन्हा ढकलतो. कळपातलं जनावर मेलेल्या पिल्लाला ढकलतं तसं. त्यानंतर तो सिंहासन वितळवून टाकतो. लोकांच्या लक्षात सिंहासन राहिलं, मला ते ढकलणं महत्त्वाचं वाटतं. आधी ते नसतं तर पुढची आग नुसती आतषबाजी झाली असती.

शोक करणारा ड्रॅगन नवा नाही. ‘ड्रॅगनस्लेयर’मध्येही व्हर्मिथ्रॅक्सला आपली मारलेली पिल्लं सापडतात आणि त्या क्षणी राक्षसाची आई होते. २०२४ च्या ‘डॅम्सल’मध्ये सगळी कथाच पिल्लं गमावलेल्या मादीवर उभी आहे. २०११ च्या शेवटच्या हॅरी पॉटर चित्रपटात बँकेच्या तळघरात साखळदंडाने बांधलेला ड्रॅगन दिसतो: फिकट पडलेला, अंधाराला सरावलेला, मार खाऊन भेदरलेला. तो सुटून छपरावर येतो तेव्हा क्षणभर थांबून हवा घेतो. वर्षानुवर्षं कोंडलेल्या जिवाचं दुःख त्या एका श्वासात येतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ड्रॅगनच्या चित्रणात झालेला सर्वांत मोठा बदल मी हाच मानतो: पूर्वी तो मारायचा असायचा, आता आधी त्याला समजून घ्यायचं असतं. १९२४ च्या फ्रिट्झ लांग यांच्या मूकपटात सिगफ्रीड ड्रॅगनला भोसकतो. आत माणसं बसवून चालवलेलं ते प्रचंड यंत्र आहे, तरी आज बघताना सहानुभूती ड्रॅगनकडे जाते. तो बिचारा पाणी प्यायला आलेला असतो.

पूर्वेकडचे ड्रॅगन यात निराळे. चिनी परंपरेतला ड्रॅगन पाण्याचा आणि पावसाचा धनी, त्याला बहुधा पंख नसतात आणि आग हे त्याचं काम नव्हे. आपल्याकडे पाणी अडवून बसलेल्या वृत्राला इंद्र मारतो. तिकडे पाणी सोडणारा तोच सर्पदेह पूज्य आहे. मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी ॲनिमेशनपटातला हाकू नदीचा आत्मा आहे, आणि २०२१ च्या ‘राया अँड द लास्ट ड्रॅगन’मधली सिसू आग्नेय आशियातल्या नागकल्पनेवरून घडलेली जलदेवता. यांचं उडणं खरं म्हणजे पोहणं असतं. डोक्याने आखलेल्या वाटेवरून अख्खं शरीर मागोमाग जातं आणि लाट मानेपासून शेपटीपर्यंत वाहते. पंखांच्या ड्रॅगनची सवय घेऊन यावर बसलात तर हमखास चुकाल. हाकूच्या तोंडात औषध कोंबण्याचा प्रसंग आठवा. त्यासाठी मियाझाकींच्या चमूने कुत्र्याचा जबडा उघडताना काय होतं याचा प्रत्यक्ष अभ्यास केला होता. त्यामुळेच त्या दैवी प्राण्याचा जबडा इतका खरा, आजारी जनावराचा वाटतो.

आता चिकटवल्यासारखं दिसण्याची राहिलेली कारणं. बहुतेकदा दोष स्वाराच्या आणि ड्रॅगनच्या सांध्यात असतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये आधी ड्रॅगनचं ॲनिमेशन पक्कं केलं जायचं, मग त्याच हालचालींवर चालणाऱ्या यांत्रिक बैठकीवर डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्क यांना बसवून चित्रण व्हायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नट, मग ड्रॅगन असं केलं की कंबर एका तालात हलते आणि पाठ दुसऱ्या. दुसरा दोष प्रकाशाचा: खऱ्या आगीचा उजेड आजूबाजूच्या चेहऱ्यांवर, दगडांवर, धुरावर पडतो. म्हणून त्या मालिकेत ड्रॅगनच्या तोंडातली पुष्कळशी आग खऱ्या ज्वालाफेकी यंत्रांनी चित्रित करून नंतर जोडली गेली. २०१७ च्या गाड्यांच्या तांड्यावरच्या हल्ल्यात तर एकाच वेळी २० स्टंट कलाकार अंगावर आग घेऊन उभे होते. तिसरा दोष कॅमेऱ्याचा, आणि तो माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करतो. संगणकात कॅमेरा कुठेही नेता येतो, म्हणून तो ड्रॅगनच्या पंखाखालून, दातांमधून, शेपटीवरून भिरभिरत राहतो. असा कॅमेरा कुणाच्याही हातात असू शकत नाही हे प्रेक्षकाला न कळताही कळतं. त्याच मालिकेतल्या शहर जाळण्याच्या भागात दिग्दर्शकाने बराच वेळ कॅमेरा रस्त्यावर, पळणाऱ्या माणसांच्या उंचीवर ठेवला. वरून सावली सरकते, भिंत कोसळते, राख पडते. ड्रॅगन पूर्ण असा क्वचितच दिसतो, आणि त्याच्या आकाराची जाणीव तिथे सर्वांत तीव्र होते.

अंधाराबद्दलही माझी तक्रार आहे. रात्र, धुकं, पाऊस यांत चुका लपतात, संगणकाचं कामही हलकं होतं, म्हणून ड्रॅगनना अंधारात ढकलण्याची सवय जडली आहे. रंगही तसेच झालेत, राखाडी आणि मातकट. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ने प्रत्येक ड्रॅगनला स्वतःचा रंग आणि स्वतःची ठेवण दिली ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. लाल केराक्सिस आणि पिवळट सोनेरी सिरॅक्स दुरूनही वेगळे ओळखू येतात.

आवाज हे माझं क्षेत्र नाही, पण एवढं सांगतो: तुमच्या शॉटला चांगला आवाज मिळाला तर तो दुप्पट जड होतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या ध्वनिसंयोजक पॉला फेअरफील्ड यांनी ड्रोगोनच्या लाडातल्या गुरगुरण्यासाठी मीलनातल्या कासवांचा आवाज वापरला होता. खऱ्या प्राण्याचा आवाज कानाला लगेच ओळखीचा वाटतो.

तुमचा तिसरा प्रश्न, सुरुवात कुठून करावी. आग नको, खवले नकोत, स्वार नको. साधं करडं मॉडेल घ्या, पाच सेकंदांचा एक शॉट ठरवा आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर खिळवून ठेवा. ड्रॅगन वरून येतो, जमिनीवर उतरतो, स्थिरावतो आणि कॅमेऱ्याकडे पाहतो. एवढंच. काम सुरू करण्यापूर्वी दोन दिवस फक्त मोठ्या पक्ष्यांच्या उतरण्याची चित्रणं बघा आणि प्रत्येक अवयव कितव्या फ्रेमला थांबतो ते वहीत लिहून काढा. मग तुमच्या ड्रॅगनचं वय ठरवा, कारण म्हाताऱ्या ड्रॅगनचे गुडघे वेगळे दबतात. शेवटच्या सेकंदात डोकं आधी वळवू नका. आधी डोळा वळू द्या, तीन-चार फ्रेमनंतर डोकं, त्यामागून मान. शॉट तयार झाला की आवाज बंद करून कुणाला तरी दाखवा आणि एकच विचारा: याचं वजन किती असेल? उत्तर देण्याआधी समोरचा माणूस क्षणभर विचारात पडला, तर खवल्यांना हात घाला.